परदेशात चार्जर चालेल का? आधी त्याची पाठ वाचा

सुट्ट्या जवळ आल्या की नागपुरात बर्डीच्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत एक मागणी हमखास ऐकू येते: "अमेरिकेत चालेल असा एक अडॅप्टर द्या." कोणी मुलाकडे न्यू जर्सीला निघालेलं असतं, कोणी दोहा किंवा शारजामार्गे पुढे जाणार असतं, कोणी हज-उमराहला, तर कोणी थायलंड-जपानच्या बौद्ध स्थळांच्या सहलीला. दुकानदार हाताला येईल तो अडॅप्टर देतो. तो कधी बसतो, कधी बसत नाही. कधी बसतो, पण आईचा मिक्सर त्यावर रडतो.

घोळ होतो, कारण एका मागणीत दोन वेगळे प्रश्न मिसळलेले असतात. पहिला: माझी पिन तिथल्या भिंतीत जाईल का? दुसरा: तिथली वीज माझ्या वस्तूला मानवेल का? अडॅप्टर फक्त पहिल्याचं उत्तर देतो. दुसऱ्याचं उत्तर तुमच्या वस्तूवरच छापलेलं असतं, तेही फुकट.

एक शब्द, तीन वस्तू

आपल्याकडे 'अडॅप्टर' हा शब्द तीन गोष्टींना वापरतात, म्हणून आधी नावं नक्की करू.

केबल ज्यात खुपसतो तो मोबाइलचा ठोकळा किंवा लॅपटॉपच्या वायरमधला काळा डबा, त्याला या लेखात चार्जर म्हणू. एका आकाराची पिन दुसऱ्या आकाराच्या सॉकेटमध्ये बसवून देणारा तुकडा म्हणजे अडॅप्टर. कूलर भरायची नळी नळाच्या तोंडाला बसत नसली की मध्ये जोड लावतो, तसा. जोडाने तोंड बदलतं, पाण्याचा जोर तोच राहतो. तिसरी वस्तू कन्व्हर्टर. हा खरोखर विजेचा जोर, म्हणजे व्होल्टेज, कमी-जास्त करतो. फक्त चार्जिंगच करायचं असेल तर ही तिसरी वस्तू जवळजवळ कोणालाच लागत नाही.

कूलर मंदावतो, मोबाइल मात्र चार्ज होत राहतो

मे महिन्यातली दुपार आठवा. सगळ्या मोहल्ल्याचे कूलर सुरू असतात, व्होल्टेज उतरतं, पंख्याची घरघर मंदावते. त्याच खोलीत भिंतीला लावलेला मोबाइल मात्र रोजच्यासारखाच चार्ज होतो. परदेशातल्या विजेचा सगळा धडा या एका दुपारीत आहे.

कूलरची मोटर भिंतीतून येणारी वीज जशी येते तशी वापरते. जोर कमी आला की ती हळू फिरते. चार्जरचं तसं नसतं. तो आलेली वीज आधी सरळ एका दिशेची करून घेतो, मग सेकंदाला हजारो वेळा तिची उघडझाप करून मोबाइलला हवा तेवढाच जोर बाहेर सोडतो. समोरून १०० व्होल्ट आले तर तो जास्त वेळ उघडा राहतो, २४० आले तर कमी वेळ. बाहेर पडणारे ५ किंवा ९ व्होल्ट तेच राहतात.

आपल्याकडे घरात २३० व्होल्ट येतात. अमेरिका-कॅनडात १२०, जपानमध्ये १००, युरोप, आखात, सिंगापूर आणि ऑस्ट्रेलियात २३० च्या आसपास. याच्या जोडीला हर्ट्झ असतं, म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा पुढे-मागे हेलकावते तो आकडा. कोराडीच्या वीज केंद्रातली जनित्रं मिनिटाला ३००० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ५०, म्हणून आपली वीज ५० हर्ट्झ. अमेरिकेत ६०. जपान तर मधोमध वाटला गेला आहे. टोकियोने सुरुवातीला जर्मन जनित्रं आणली, ओसाकाने अमेरिकन, त्यामुळे पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० हर्ट्झ आजही चालू आहे. चार्जरला याने काही फरक पडत नाही.

पाठीवरची ती बारीक ओळ

चार्जर उलटा करा. अक्षरं फार बारीक असतात, म्हणून मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा. 'इनपुट' या शब्दापुढे काय लिहिलंय ते शोधायचं.

१००-२४० व्होल्ट आणि ५०/६० हर्ट्झ असं लिहिलं असेल तर ती वस्तू जगभर चालते, फक्त पिन जुळवायची. गेल्या कित्येक वर्षांतले मोबाइल, टॅब, लॅपटॉप आणि कॅमेऱ्यांचे चार्जर बहुतेक याच जातीचे असतात.

नुसतं २३० किंवा २२०-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर ती वस्तू युरोप-आखातात चालेल, अमेरिका-जपानमध्ये नाही. जुने ट्रिमर, मच्छरांच्या औषधाची मशीन, शेकायची इलेक्ट्रिक पिशवी आणि काही स्थानिक बनावटीचे चार्जर असे निघतात. घरातल्या एका चार्जरवर बरोबर लिहिलंय म्हणून बाकीचे गृहीत धरू नका. जी वस्तू बॅगेत जाणार, तिचीच पाठ वाचायची.

ड्रायरसारख्या काही वस्तूंवर ११५/२३० असं लिहिलेलं असतं आणि बाजूला एक छोटा खटका असतो. हा खटका हाताने फिरवावा लागतो. ११५ वर ठेवून २३० च्या सॉकेटला लावला तर वस्तू काही सेकंदांत जळते.

कोणत्या देशात कोणती पिन

देशोदेशीच्या पिनांना इंग्रजी अक्षरांची नावं आहेत. आपली तीन गोल पिनांची नेहमीची ती डी, फ्रिज-एसीची जाड ती एम. या दोन्ही मूळच्या इंग्रजांच्या. गंमत म्हणजे इंग्रजांनी १९४७ साली स्वतःसाठी चौकोनी पिनांचं नवं मानक काढलं आणि गोल पिना हळूहळू सोडून दिल्या. आपण त्या ठेवल्या. म्हणून लंडनमध्ये आपली पिन चालत नाही.

ती चौकोनी पिन म्हणजे जी. ब्रिटन, आयर्लंड, सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँग, संयुक्त अरब अमिरात, कतार, ओमान, कुवेत अशा सगळीकडे हीच. दुबई, दोहा, सिंगापूर आणि लंडन हे चारही एकाच स्वस्त अडॅप्टरमध्ये भागतं, म्हणून नागपूरच्या प्रवाशाने सर्वांत आधी हाच घ्यावा. या सॉकेटच्या खालच्या दोन भोकांवर आतून पडदे असतात आणि ते वरच्या अर्थिंगच्या पिनेने उघडतात. तिथल्या हॉटेलात पोचल्यावर आपल्याकडचे काही लोक वरच्या भोकात पेन किंवा चमच्याचा दांडा खुपसून खाली दोन पिनांचा चार्जर दाबून बसवतात. हे करू नका. पडदा ज्यासाठी ठेवलाय तेच संरक्षण निघून जातं, आणि गोल पिना त्या चौकोनी भोकांत सैल बसून तापतात. शिवाय सॉकेटशेजारचं बटण चालू करायला विसरू नका.

सौदी अरेबियातही आता जी आणि २३० व्होल्ट आहे, पण ६० हर्ट्झ. तिथे पूर्वी १२७ व्होल्टही होते, त्यामुळे जुन्या इमारतींत दोन चपट्या पिनांची सॉकेटं आढळतात. हज-उमराहला जाणाऱ्यांनी जीसोबत चपट्या पिनेचाही एक अडॅप्टर ठेवलेला बरा.

अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत दोन चपट्या समांतर पिना म्हणजे ए, आणि खाली अर्थिंगची गोल पिन जोडली की बी. जपानमध्ये घराघरांत ए असते. अमेरिकेसाठी घेतलेला तीन पिनांचा अडॅप्टर जपानी भिंतीत बऱ्याचदा जात नाही. शिवाय अमेरिकन पिनांत एक पाती कधी कधी रुंद असते, ती जुन्या सॉकेटमध्ये अडते. जपानसाठी दोन सारख्या पात्यांचा, बिनअर्थिंगचा अडॅप्टर घ्या.

युरोपमध्ये दोन गोल पिना. आपल्या मोबाइल चार्जरच्या बारीक दोन पिना तिथे बहुतेक ठिकाणी थेट जातात, हे खरं. पण जर्मनी-स्पेनचं सॉकेट वाटीसारखं आत खोलगट असतं. चार्जरचं अंग रुंद असलं तर ते काठावर अडतं आणि पिना आत पोचत नाहीत. फ्रान्स आणि पोलंडमध्ये त्याच वाटीतून अर्थिंगची एक पिन बाहेर आलेली असते, ती चार्जरला ढकलते. आपल्या तीन पिनांच्या प्लगच्या पिना तर युरोपच्या भोकांपेक्षा किंचित जाड असतात, जोर लावून घालू नयेत. स्वित्झर्लंड आणि इटलीची आणखी वेगळी तऱ्हा आहे, पण बारीक दोन पिनांचा चार्जर तिथेही चालतो.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची आय पिन तिरपी, चीनमध्येही तीच. थायलंडची सॉकेटं बरीच उदार आहेत, चपट्या आणि गोल दोन्ही पिना घेतात. मात्र आकार अमेरिकेचा दिसला तरी वीज २३० व्होल्टची आहे, हे अमेरिकेहून आणलेली वस्तू लावताना लक्षात ठेवा. नेपाळमध्ये आपलीच पिन बहुतेक चालून जाते. श्रीलंकेत जुन्या इमारतींत आपली डी, नव्यांत जी.

आणि 'टाइप सी' या नावाने फसू नका. युरोपची दोन गोल पिनांची टाइप सी वेगळी आणि मोबाइलच्या केबलची यूएसबी टाइप सी वेगळी. ऑनलाइन मागवताना या एका शब्दामुळे बरेचदा भलतीच वस्तू घरी येते.

'मग सगळ्या जगात चालणारा एकच घेतला तर?'

तो चौकोनी ठोकळा, ज्यातून खटका सरकवला की वेगवेगळ्या पिना बाहेर येतात. पंधरा दिवसांत चार देश करायचे असतील तर तो सोयीचा आहे. एकाच देशात सहा महिने राहायचं असेल तर त्या देशाचा साधा, एकसंध अडॅप्टर जास्त भरवशाचा. हलणारे भाग कमी, तेवढी कुरकुर कमी. ठोकळा जडही असतो. अमेरिकेतल्या सैल सॉकेटमधून तो आपल्याच वजनाने रात्री निसटतो आणि सकाळी मोबाइल तेवढाच रिकामा. जर्मन वाटीत तर अनेक ठोकळे नीट आत शिरतच नाहीत.

घ्यायचाच असेल तर दुकानात हातात घेऊन तपासा. एका देशाची पिन बाहेर काढल्यावर दुसऱ्या देशाची बाहेर येता कामा नये. स्वस्त ठोकळ्यांत दोन्ही एकदम बाहेर येतात, आणि भिंतीत न घातलेल्या त्या उघड्या पिनांत वीज खेळू शकते. दुसरं, तुमचा तीन गोल पिनांचा लॅपटॉपचा प्लग त्यात खरोखर जातो का ते घालून बघा. परदेशी बाजारासाठी बनलेल्या अनेक ठोकळ्यांत आपली डी बसत नाही. तिसरं, त्यावर किती अँपिअर लिहिलंय आणि फ्यूज बदलता येतो का ते पाहा.

घरात चार वस्तू चार्ज करणारे असतील तर चार अडॅप्टर घेण्यापेक्षा एकच चांगला अडॅप्टर आणि त्यावर तीन-चार तोंडांचा ६५ वॉटचा एक यूएसबी चार्जर, ही जोडी उत्तम. नागपूरचा एक्स्टेन्शन बोर्डही नेता येतो, पण त्यावर फक्त चार्जर लावा, प्रेस किंवा किटली नाही. स्पाइक गार्ड, म्हणजे विजेच्या अचानक उसळीपासून वाचवणारा बोर्ड, असेल तर एक खबरदारी घ्या. अमेरिकेत १२० व्होल्टसाठी बनलेला स्पाइक गार्ड युरोपात किंवा भारतात २३० वर लावला तर तो स्वतःच जळू शकतो.

लॅपटॉपसाठी अडॅप्टर नको, वायर बदला

ही युक्ती फार कमी लोक वापरतात. लॅपटॉपच्या काळ्या डब्यातून भिंतीकडे जाणारी वायर बहुतेक वेळा ओढून वेगळी होते. तिचं तोंड एक तर तीन पाकळ्यांचं असतं, मिकी माऊससारखं, किंवा इंग्रजी आठ आकड्यासारखं. ही दोन्ही तोंडं जगभर सारखीच असतात. ज्या देशात राहायचं तिथली वायर तिथेच विकत घ्या आणि डब्यात लावा. अडॅप्टरची गरज संपली, आणि तोंड तीन पाकळ्यांचं असेल तर अर्थिंगही नीट मिळालं.

अर्थिंगचा मुद्दा महत्त्वाचा आहे. तीन पिनांचा लॅपटॉप दोन पिनांच्या अडॅप्टरवर लावला की धातूच्या अंगावरून हात फिरवताना झिणझिण्या येतात. डब्यात विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. त्यांतून झिरपणारा अगदी बारीक प्रवाह एरवी अर्थिंगमधून जातो, ती वाट नसली की तुमच्या बोटांतून जातो. चांगल्या चार्जरमध्ये तो धोक्याइतका नसतो. पण वायर सोललेली असेल किंवा चार्जर नकली असेल, तर अर्थिंग हाच शेवटचा आधार असतो. म्हणून तीन पिनांच्या वस्तूला तीन पिनांचाच अडॅप्टर द्यावा.

'कन्व्हर्टर घेतला की मिक्सरही चालेल ना?'

अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांच्या बॅगेत मिक्सर असतोच, त्यामुळे याचं उत्तर नीट द्यायला हवं.

किटली, प्रेस, ड्रायर अशा गरम होणाऱ्या वस्तूंत व्होल्टेज निम्मं झालं की ताकद निम्मी होत नाही, चौथाई होते. आपली १५०० वॉटची किटली १२० व्होल्टवर जेमतेम ४०० वॉट काम करते. पाणी उकळायला चौपट वेळ लागतो. उलट अमेरिकेतून आणलेला १००० वॉटचा ड्रायर नागपुरात ३६०० वॉटहून जास्त ओढायला जातो आणि तार वितळते. अशी वस्तू नेऊ नका, आणूही नका. तिथेच घ्या.

मिक्सरला अमेरिकेत १२० चे २३० करणारा कन्व्हर्टर लागतो. बाजारात मिळणारे अनेक प्रवासी कन्व्हर्टर याच्या उलट, २३० चे ११० करतात. ते अमेरिकन पर्यटकांसाठी असतात, आपल्याला निरुपयोगी. त्यांतले हातात हलके लागणारे काही तर वीज फक्त छाटून कमी करतात, त्यावर लॅपटॉप किंवा मोबाइल चार्जर लावणं धोक्याचं. आपल्याला लागतो तो लोखंड-तांब्याचा जड ट्रान्सफॉर्मर. मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी जास्त वीज ओढते, म्हणून ७५० वॉटच्या मिक्सरला किमान दुप्पट, १५०० क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर हवा. तो कित्येक किलोंचा असतो, आणि अमेरिकेतलं नेहमीचं सॉकेटच मुळात १८०० वॉटपर्यंतचं. त्यापेक्षा ११० व्होल्टचा भारतीय धाटणीचा मिक्सर घेणं शहाणपणाचं. ते बनतात आणि मिळतात.

औषधाच्या मशीनची काळजी वेगळी

इथे अंदाज चालत नाही. झोपेत श्वासासाठी लावायची सीपॅप मशीन बहुतेक १००-२४० व्होल्टची असते, तरी तिचीही पाठ वाचा. आपल्याकडे घरोघरी असलेलं पंपाचं नेब्युलायझर मात्र बऱ्याचदा फक्त २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचं असतं. १२० व्होल्टवर त्याच्या पंपाला दाब येत नाही, औषधाचा धूर धड निघत नाही, आणि हे नेमकं दम लागलेला असताना लक्षात येतं. निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना विचारून बॅटरीवर किंवा यूएसबीवर चालणारं नेब्युलायझर, किंवा स्पेसरसह (इनहेलरच्या तोंडाला लावायच्या नळीसह) इनहेलर ठरवून घ्या. साखर आणि बीपी मोजायच्या मशीन सहसा सेलवर चालतात, तिथे प्रश्न येत नाही.

'तिकडे फोन हळू चार्ज होतो'

होतो, पण दोष १२० व्होल्टचा नसतो. बहुतेक वेळा लोक अडॅप्टरच्या अंगातच दिलेल्या यूएसबी तोंडाला केबल लावतात. साध्या अडॅप्टरांत त्यातून सगळ्या तोंडांना मिळून १०-१२ वॉटच निघतात. ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-तास वीज मावते. एकट्या फोनला दोन तासांच्या वर लागतात, दोन फोन लावले तर त्याच्या दुप्पट. तुमचा नेहमीचा चार्जर अडॅप्टरवर लावा, वेग पूर्ववत होईल.

दुसरं कारण फोन आणि चार्जर यांच्या आपसातल्या भाषेचं. काही मोबाइल कंपन्यांचा जलद चार्ज त्यांच्याच चार्जर आणि केबलसोबत चालतो. दुसऱ्याच्या ६५ वॉटच्या चार्जरवर तो फोन साध्या वेगाने भरतो. लॅपटॉप यूएसबी-सीवर भरत असाल तर केबलही बघा. साधी केबल ६० वॉटपर्यंत पुरते, त्याच्या वर ५ अँपिअरची, १०० वॉट लिहिलेली केबल लागते. आणि ६५ वॉटच्या चार्जरला दुसरी वस्तू लावली की तो वीज वाटून टाकतो, लॅपटॉपच्या वाट्याला ४५ च्या आसपास उरतात.

पॉवर बँक आणि निघायच्या आधीची रात्र

पॉवर बँक चेक-इन बॅगेत घालायची नाही, हातातल्या बॅगेतच ठेवायची. १०० वॉट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० साठी विमान कंपनीची लागते. हिशेब सोपा आहे: एमएएचला ३.७ ने गुणा आणि १००० ने भागा. २०,००० ची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची, २७,००० ची जेमतेम १०० च्या आत. अंगावरचा आकडा पुसला गेला असेल तर तपासणीत ती काढून घेतली जाऊ शकते. नियम आणखी कडक होत आहेत. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायलाच मनाई केली आणि प्रत्येकी एकच नेऊ दिली. चीनमध्ये २८ जून २०२५ पासून देशांतर्गत विमानात ३सी या तिथल्या सुरक्षेच्या शिक्क्याशिवायची पॉवर बँक चालत नाही. म्हणून लांबच्या प्रवासात भरवसा भिंतीच्या चार्जरवर ठेवा.

परदेशी सॉकेट नागपूरच्या घरात नसतं, पण बाकी सगळं तपासता येतं. निघण्याच्या दोन दिवस आधी रात्री सगळ्यांचे फोन, घड्याळ आणि लॅपटॉप त्या एकाच नव्या चार्जरवर एकदम लावा. तासाभराने हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल, प्लास्टिकचा वास येत असेल किंवा लॅपटॉप भरत नसेल, तर बिल शोधून ठेवा आणि सकाळी दुकान उघडताच परत करा.